नंबर प्लेटमागचा रंग

वहिनीने गाडी आणली ती पहिल्या गिअरमध्येच. गल्लीच्या तोंडापासून रंगाच्या वर्कशॉपपर्यंत ती अशी काही गुरगुरत आली की शेजारचा टायरवाला हातातला पाना तसाच धरून बाहेर येऊन उभा राहिला. वहिनीला साठी उलटल्यावर लायसन्स मिळालं होतं, आणि ते देणाऱ्या साहेबाची नंतर झोप उडाली असणार, असं तीच हसत हसत सगळ्यांना सांगायची. तिने इंजिन बंद केलं, काच खाली घेतली आणि दिराला विचारलं, "आले की नाही एकटी?"

"आलात. पण वहिनी, गाडीला दुसरा गिअरही असतो," वादळ्या म्हणाला.

वादळ्या म्हणजे या वर्कशॉपचा मालक, कारागीर आणि झाडूवाला, सगळं एकच. हे नाव त्याला दादाने, म्हणजे थोरल्या भावाने ठेवलेलं. लहानपणी शर्टाची बटणं वरखाली लावून, एका पायात चप्पल घालून दुसरी हातात घेऊन हा घराबाहेर धावायचा, त्यावरून. पुढे केस पिकले, धावणं संपलं, गुडघे कुरकुरायला लागले, पण नाव काही सुटलं नाही. गिऱ्हाइकंसुद्धा आदराने वादळराव म्हणत.

दादा गेल्याला वर्ष होऊन गेलं होतं. वर्षभर गाडी त्यांच्या घराच्या अंगणात खोळीखाली झाकून होती. वहिनी ती सकाळी सकाळी बाहेर काढायची, मोकळ्या मैदानावर दोन चकरा मारायची आणि परत झाकून ठेवायची. आज पहिल्यांदाच ती भर उन्हात वर्कशॉपसमोर उभी राहिली होती. गडद निळी गाडी, सावलीत काळीच वाटणारी. एकेकाळी तिच्या बॉनेटमध्ये बघून माणूस भांग पाडू शकला असता. आता बॉनेट, टप आणि डिकी तिन्हींवर पांढुरकी साय धरल्यासारखी दिसत होती. दरवाजे तेवढे ठीक होते.

वहिनीने किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "काय झालंय ते तुम्हीच बघा, भावजी. मला काही विचारू नका. आधी नीट बघा, मग बोलू." आणि पिशवी काखेला मारून ती बाजाराकडे चालती झाली.

किल्ली हातात घेऊन वादळ्या बराच वेळ नुसता उभा राहिला. कारण या गाडीशी त्याचं एक जुनं दुखणं होतं. ती त्यानेच रंगवलेली होती, वर्कशॉप उघडल्यावरची पहिली गाडी म्हणून. आणि रंगवून दिल्यानंतर दादाने त्याला तिला एकदाही हात लावू दिला नव्हता. एकदाही म्हणजे एकदाही नाही. चार माणसांत दादा तोंड भरून सांगायचा, "माझ्या भावाचं काम आहे." पण तोच भाऊ हातात फडकं घेऊन गाडीजवळ गेला की दादा मध्ये येऊन उभा राहायचा. हात लावू नकोस, म्हणायचा. रविवारी पहाटे स्वतः बुटक्या स्टुलावर बसून, डब्यातलं मेण फ्लॅनेलच्या तुकड्यावर घेऊन तासन् तास घासत बसायचा. वादळ्याने किती वेळा सांगितलं, अरे, गाडी माझ्याकडे आण, मशीनने घडीभरात पॉलिश मारून देतो. दादाने ऐकलं नाही. वर्कशॉपवर यायचं झालं तर सायकलवर यायचा.

एकदा मात्र वादळ्याचा पारा चढला होता. "माझ्या हातावर विश्वास नसेल तर सरळ सांग ना," असं तो दादाला तोंडावर बोलला होता. दादाने फक्त त्याच्या पाठीवर थोपटलं आणि विषय बदलला. त्या थोपटण्याचा वादळ्याला इतका राग आला की पुढचे किती तरी दिवस तो भावाच्या घरी फिरकला नाही. मग गेला, जेवला, हसला, सगळं झालं. पण ती सल मनात राहून गेली, आणि ती निघायच्या आत दादाच निघून गेला.

म्हणून आज त्याला नुसती गाडी दुरुस्त करायची नव्हती. दादाने हात का लावू दिला नाही, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. आणि खरं सांगायचं तर त्याला आणखी एक गोष्ट हवी होती. आपलं काम चांगलं होतं आणि दादाने ते उगाच घासून घासून बिघडवलं, असं निघालं तर त्याला बरं वाटणार होतं. मेलेल्या भावाशीही माणूस वाद जिंकायला बघतो, त्याला काय करणार.

त्याने गाडी आत घेतली, धुतली, पुसली आणि कामाला लागला. गडद गाडीवर धुरकटपणा आला की त्याची कारणं चार-पाच असतात आणि सगळी लांबून सारखीच दिसतात. लोक येतात आणि म्हणतात, रंग गेला. बहुतेक वेळा रंग कुठे गेलेला नसतो. रंगावर काचेसारखा एक बिनरंगी थर असतो, त्याला सगळे क्लियर म्हणतात. जे काही होतं ते त्या क्लियरला होतं. तो उन्हाने करपतो, बारीक चऱ्यांनी भरतो, नाहीतर त्याच्यावर कशाचं तरी कीट चढतं. कीट असलं तर काढता येतं, चरे असले तर घासता येतात, क्लियरच गेला असला तर मात्र हात टेकायचे.

आधी त्याने पांढऱ्या फडक्याने बॉनेटचा कोपरा घासून बघितला. फडक्यावर निळं काही आलं नाही. म्हणजे क्लियर जागेवर होता. मग त्याने मेण काढायचं द्रावण बोळ्यावर घेतलं आणि तोच कोपरा पुसला. बोळा पिवळसर, चिकट होऊन वर आला. दुसरा घेतला, तोही तसाच. तिसराही. मेणावर मेण, त्यावर मेण. कितीतरी रविवार एकावर एक बसले होते.

वादळ्या हसला. मोठ्याने हसला. मग टायरवाल्याला हाक मारून तो बोळा दाखवला आणि म्हणाला की हे बघ, आमच्या दादासाहेबांची करामत, गाडीची मेणबत्ती करून ठेवलीय. टायरवाल्यालाही हसू आलं. दादा पुस्तकबांधणीच्या धंद्यातला माणूस होता, त्याच्या दुकानात गेलं की उकळत्या खळीचा वास नाकात भरायचा आणि जिकडेतिकडे दाबाखाली ठेवलेले गठ्ठे दिसायचे. एकावर एक चिकटवायची सवय गाडीवरही गेली, असं वादळ्या म्हणाला. खूप दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं. भावाचा वेडेपणा हाती लागला होता आणि तो वेडेपणा मायेचाच होता.

सगळं बॉनेट स्वच्छ करायला दुपार झाली. मेण पूर्ण निघालं, आणि साय तशीच राहिली.

वादळ्याने मान तिरकी करून बघितलं. मग खाली वाकून बघितलं. असेल, वरवरचे चरे असतील, एवढं घासल्यावर पडणारच. त्याची परीक्षा सोपी होती. बॉनेटवर पाणी ओतायचं. चऱ्यांमध्ये पाणी भरलं की धुरकटपणा नाहीसा होतो आणि पाणी सुकलं की परत येतो. त्याने तांब्याभर पाणी ओतलं. पाणी पसरलं, कडेने ओघळलं. पाण्याखाली ती साय जशीच्या तशी दिसत होती. काचेवर फुंकर मारावी आणि ती वाफ काचेच्या आतच अडकून राहावी, तशी.

त्याने बारीक पाणीपेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा कागद, घेतला आणि तळहाताएवढी जागा हलकेच घासली. पांढरं पाणी निघालं, म्हणजे क्लियर घासला जात होता. पुसलं, बघितलं. साय आतच होती. आता त्याचं हसू आटलं होतं. तरी एक आशा होतीच, ऊन. टप, बॉनेट आणि डिकी, तिन्ही आडवे भाग, ऊन तिथेच तर लागतं. उन्हाने क्लियर गेला तर त्यात रंगाऱ्याचा काय दोष? पण उन्हाने गेलेला क्लियर पापुद्रे सोडतो, कडेला नख लावलं की उचलला जातो. त्याने नख लावून बघितलं. क्लियर घट्ट होता, नखाला दाद देत नव्हता. टपाच्या कडेची रबराची पट्टी उचलून बघितली, तर तिच्याखालीही साय होती. पट्टीखाली धूळ जाते, ओल जाते, एवढ्यावरून काही ठरत नाही, असं त्याने स्वतःला समजावलं. माणूस स्वतःची समजूत काढायला बसला की त्याला शब्द कमी पडत नाहीत.

मग त्याला नंबर प्लेट आठवली. डिकीवरची. रंग देताना ती काढलेली होती आणि क्लियर मारून झाल्यावर त्यानेच परत बसवली होती. तिच्या मागे ना कधी ऊन पोहोचलं होतं, ना दादाचं मेण. तिथे जे असेल ते फक्त त्याच्या हातचं असणार होतं. स्क्रू गंजले होते, एक तर पिळूनच तुटला. प्लेट हातात आली. वादळ्याने तिथली धूळ बोटाने पुसली आणि हातदिवा जवळ नेला.

तिथेही तीच साय होती. तसूभरही कमी नाही.

तो रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसला. आणि मग ती संध्याकाळ त्याला अशी लख्ख आठवली की थिनरचा वाससुद्धा नाकात आला.

वर्कशॉप नवीन होतं. पाटी लागली होती, रंग फवारायची गन आली होती, कंप्रेसर आला होता, फक्त गाडी येत नव्हती. नवशिक्या रंगाऱ्याकडे आपली गाडी कोण देणार? तेव्हा दादाने जुनी, रंग उडालेली गाडी घेतली आणि सरळ इथे आणून उभी केली. घे, हिला निळी कर, म्हणाला. वादळ्याने दिवसरात्र एक करून ती तयार केली. निळा रंग लागला. क्लियरचा दिवस आला तेव्हा दरवाजे आणि बाजू सकाळी सावकाश झाल्या. दुपारपासून आभाळ भरून आलं, हवा दमट झाली. राहिले होते टप, बॉनेट आणि डिकी. गाडी सकाळी बाहेर निघणार, असं त्याने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. त्याने क्लियरमध्ये लवकर उडून जाणारं थिनर घातलं आणि पहिला हात मारला.

तेवढ्यात दादा दुकान बंद करून आला होता. दारातच थांबला. धंदा पुस्तकबांधणीचा, त्यामुळे ओलं आणि वाळलेलं यातला फरक त्याला वासावरून कळायचा. "वाळू दे रे, वादळ्या," तो म्हणाला होता. "पहिला हात नीट वाळू दे."

"वाळलाय," वादळ्या म्हणाला होता, आणि त्याने दुसरा हात चढवला होता. पहिल्या हातातलं थिनर अजून उडालेलं नव्हतं. ते आतच कोंडलं गेलं.

सकाळी गाडी अशी चमकली की सगळी गल्ली गोळा झाली. अशा कामाची चूक पहिल्या दिवशी दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी, आतलं थिनर हळूहळू वाट काढायला लागलं की वरचा थर मलूल पडतो. आज वादळ्या ही गोष्ट कुणालाही झोपेत सांगू शकला असता. पण ती तो शिकला दुसऱ्यांच्या गाड्यांवर, पुढे कधीतरी. तेव्हा त्याला ती माहीत नव्हती.

दादाला मात्र दिसली असणार. मग तो बोलला का नाही?

संध्याकाळी वहिनी आली. डब्यावर बसलेल्या दिराला बघितलं, शेजारी पडलेली नंबर प्लेट बघितली, आणि तिला काही विचारावं लागलं नाही. पिशवी खाली ठेवून ती दुसऱ्या डब्यावर टेकली.

"तुम्हाला ठाऊक होतं," वादळ्या म्हणाला.

"पहिल्या वर्षापासून. ह्यांनी मला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं. तुम्हाला दाखवायचं नाही, असं काही बजावलं नव्हतं. म्हणून आणली."

मग तिने सगळं सांगितलं. रंगवल्यावर काही महिन्यांनी एका सकाळी दादाने गाडी उन्हात काढली आणि बॉनेट बघून तो अंगणातच थबकला. तडक भावाला सांगायला निघाला. कोपऱ्यापर्यंत गेला. तिथून वर्कशॉप दिसायचं. बाहेर तीन गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि आतून वादळ्याच्या शिट्टीचा आवाज येत होता. ती गिऱ्हाइकं या निळ्या गाडीकडे बघूनच आलेली होती. दादा कोपऱ्यावरून मागे फिरला आणि येताना मेणाचा डबा घेऊन आला.

त्या दिवसापासून गाडी सावलीत उभी राहायला लागली. रविवारी पहाटे मेण लावायचं, ते ताजं असेपर्यंत गाडी चकाकायची, तेवढ्यात बाजारातून एक फेरी मारून आणायची म्हणजे लोकांना दिसेल, आणि ऊन चढायच्या आत परत झाकून ठेवायची. नंतर नंतर मेणाचाच जाड थर झाला, पण एकावर एक चढवत राहण्यावाचून इलाज नव्हता. आणि वादळ्याला जवळ येऊ द्यायचं नाही. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, त्याला एका फडक्यात कळलं असतं.

"मी म्हटलं, सांगून टाका एकदाचं, भावजी परत रंगवून देतील," वहिनी म्हणाली. "तर म्हणाले, देईल गं. चांगलीच देईल. पण उद्या दुसऱ्याच्या गाडीवर गन उचलताना त्याचा हात कापेल. नुकता कुठे उभा राहतोय."

वादळ्या खाली बघत राहिला. जमिनीवर पिवळ्या बोळ्यांचा ढीग पडला होता. सकाळी तो त्यांच्याकडे बघून हसला होता. विश्वास नसेल तर सरळ सांग, असं आपण त्याला तोंडावर बोललो, आणि तो नुसतं थोपटून गेला. हे आठवलं आणि त्याला रडू आलं. वहिनी समोर होती तरी त्याने ते लपवलं नाही.

"पण मग नंतर का नाही सांगितलं?" डोळे पुसत त्याने विचारलं. "नंतर तर माझा हात बसला होता."

वहिनीच्या चेहऱ्यावर हसू आलं. "एकदा भिजत घरी आले. खुशीत होते. म्हणाले, वर्कशॉपवरून आलो, पाऊस लागलाय, गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय आणि आपला वादळ्या हाताची घडी घालून म्हणतोय, आज क्लियर मारणार नाही, वाळायचं नाही. मी म्हटलं, झालं तर मग, शिकले भावजी, आता सांगा. तर म्हणाले, आता कशाला? आता मलाच रविवारची सवय लागलीय."

दोघंही हसली. बाहेर टायरवाल्याने शटर ओढलं.

दुसऱ्या दिवसापासून वादळ्याने गाडी हातात घेतली. तिन्ही भाग पाणीपेपरने घासून तो कोंडलेला थर मुळापासून काढला. निळा रंग पुन्हा जुळवला. तो मात्र पटकन जुळला, इतक्या वर्षांनीही हाताला त्याचं प्रमाण आठवत होतं. क्लियर मारायचा तर हवा पुन्हा दमट झाली. त्याने गन टांगून ठेवली. गिऱ्हाइकांचे फोन येत राहिले, आधीची गाडी निघाल्याशिवाय तुमची आत येणार नाही, असं तो सगळ्यांना सांगत राहिला. टायरवाल्याने विचारलं, घरच्याच गाडीला एवढा वेळ? वादळ्या म्हणाला, घरचीच आहे म्हणून तर.

अखेर आभाळ उघडलं. कोरडा वारा सुटला. वहिनीने दादाचं बुटकं स्टूल आणून दिलं होतं, ते त्याने गाडीशेजारी ठेवला. पहिला हात मारला आणि गन खाली ठेवून स्टुलावर बसला. बोट लावून बघायची इच्छा झाली, ती त्याने आवरली. वासावरून अंदाज घेतला. अजून नाही. आणखी थोडा वेळ बसला. त्या बसण्यात त्याला दारात उभा असलेला दादा आठवत होता, हाताला खळ लागलेला, चष्मा कपाळावर. वास पूर्ण उडाला तेव्हा तो उठला आणि दुसरा हात मारला. हात स्थिर होता.

रविवारी त्याने गाडी बाहेर काढली आणि मुद्दाम भर उन्हात, वर्कशॉपच्या अगदी समोर उभी केली. सावलीत नाही. वहिनी आली. बरोबर तिने फ्लॅनेलचा तुकडा आणि मेणाचा अर्धा डबा आणला होता. वादळ्याने सांगितलं की आता याची गरज नाही, उलट नव्या क्लियरला काही दिवस मेण लावायचंच नसतं, त्याला श्वास घेऊ द्यायचा असतो. तिने डबा परत पिशवीत ठेवला. फ्लॅनेलचा तुकडा मात्र त्याने मागून घेतला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला.

तेवढ्यात रस्त्याने जाणारा एक गृहस्थ थांबला. स्वतःची काळी गाडी त्याने पलीकडे लावली होती आणि तिच्या टपावरचा धुरकटपणा इथूनही दिसत होता. तो निळ्या गाडीभोवती एक फेरी मारून आला, बॉनेटमध्ये वाकून बघितलं, तर त्याला स्वतःचा चेहरा दिसला.

"हे काम कुणी केलं हो?" त्याने विचारलं.

"माझ्या भावाचं काम आहे," वादळ्या म्हणाला.

टायरवाल्याने चमकून वर बघितलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. वहिनीने त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली, आणि तो परत आपल्या टायरकडे वळला. मग ती गाडीत बसली, आरसा नीट केला आणि गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत तिने दुसरा गिअर टाकला होता.